तलावाकाठचं पार्किंग बदलताना पाण्यापर्यंतची वाट बंद होऊ नये म्हणून

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: भंडारा जिल्ह्यातलं गाव, गावाला लागून माजी मालगुजारी तलाव (जुन्या मालगुजारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, काळातला). शनिवार-रविवारी नागपूरकडून गाड्या येतात, पाळीवर (तलावाच्या बांधावर) आणि घाटाच्या तोंडाशी आडव्यातिडव्या उभ्या राहतात. त्यावर ग्रामपंचायतीनं मासिक सभेत ठराव घेतला. पाळ आणि घाटाचा रस्ता वाहनांना बंद. घाटाशेजारची अर्धा एकर मोकळी जागा ठेक्यानं पे-पार्किंगला. रात्री ८ ते सकाळी ७ फाटकाला कुलूप. गावकऱ्यांना ओळखपत्र दाखवून मोफत प्रवेश. ढिवर समाजाची मच्छीमार संस्था, ढोरं पाण्यावर नेणारे आणि शेजारच्या दोन गावांचे लोक नाराज आहेत. विरोध करावा का, आणि केला तर कोणत्या कायद्यानं, असं तुम्ही विचारलंय.

सरसकट विरोध करू नका. पाळीवरची वाहनबंदी योग्यच आहे. ती मातीची पाळ आहे. तिच्यावर रोज चाकं फिरली की चाकोऱ्या पडतात, चाकोऱ्यांत पावसाचं पाणी साचतं, ते भरावात मुरतं आणि आतल्या बाजूचं दगडी अस्तर सुटायला लागतं. ही बंदी उद्यापासून लावा. त्यासाठी सर्वेक्षणही नको. बाकीच्या तीन कलमांवर मात्र माझा आक्षेप आहे. ती वाहतुकीची कलमं म्हणून लिहिली गेली आहेत, पण त्यांचा परिणाम वाहतुकीवर कमी आणि पाण्यापर्यंत पोचण्यावर जास्त होणार आहे. तलाव कोणी बंद केलेला नाही, असं सरपंच म्हणतील आणि कागदावर ते खरंच असेल. पण पहाटे चारला जाळं, ट्यूब आणि मासळीचा डबा घेऊन आलेल्या माणसाला फाटकाला कुलूप दिसलं, तर त्याच्यापुरता तलाव बंदच झाला.

समुद्रकिनाऱ्याच्या बाबतीत जगात हा वाद जुना आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याच्या १९७६ च्या किनारा कायद्यात ‘विकास’ या संज्ञेच्या व्याख्येतच पाण्याच्या, किंवा पाण्यापर्यंत जाण्याच्या, वापराच्या तीव्रतेतला बदल धरलेला आहे. त्यामुळे तिथे किनाऱ्यालगत नो-पार्किंगच्या पाट्या लावणं, शुल्क बसवणं, फक्त रहिवाशांसाठी जागा राखणं या बारीक वाटणाऱ्या गोष्टींनाही परवानगीचा प्रश्न येतो. आपल्याकडे विदर्भात असा एकही कायदा थेट लागू नाही. कोणी सीआरझेडचं (किनारा नियमन क्षेत्राचं) नाव घेईल. तो नियम समुद्र आणि भरती-ओहोटीच्या पाण्यापुरता आहे, आपल्या तलावाला लागत नाही. पाणथळ जागांचे २०१७ चे नियम रामसर स्थळांना (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून नोंदलेल्या पाणथळांना) आणि अधिसूचित पाणथळांना लागतात. लोणारला ते लागतील. सिंचनासाठी बांधलेला गावतलाव त्यातून वगळलेला आहे. म्हणून या दोन नावांनी अर्ज केलात तर तो पहिल्याच टेबलावर अडेल.

आपल्याकडची खरी ताकद जुन्या महसूल दप्तरात आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये कलम १६० पासून १६७ पर्यंतचा भाग विदर्भासाठी आहे. त्यात निस्तार (गावकऱ्यांच्या रोजच्या गरजांसाठी सामायिक जमिनीचा वापर) पत्रक येतं आणि वाजिब-उल-अर्जही येतो. गावातल्या बिनभोगवट्याच्या सरकारी जमिनीचा वापर कसा व्हायचा, चराई कुठे, सरपण कुठलं, याची योजना निस्तार पत्रकात असते. वाजिब-उल-अर्जात गावच्या रूढी नोंदवलेल्या असतात: सरकारच्या किंवा स्थानिक संस्थेच्या नसलेल्या जमिनीतून वा पाण्यात वाट, सिंचन, मासेमारी यांचे हक्क. दोन्हींची नक्कल काढा, कारण एकात नसलेली गोष्ट बहुधा दुसऱ्यात सापडते. तलाव १९५० च्या मालगुजारी निर्मूलन कायद्यानं सरकारजमा झाला असला, तरी सडकेपासून तलावापर्यंतची पांदण दोन-तीन खाजगी गटांतून जात असू शकते, आणि त्या वाटेची नोंद वाजिब-उल-अर्जातच मिळेल. शेजारच्या गावांसाठी कलम १६४ बघा. एका गावाच्या पडीक जमिनीत दुसऱ्या गावाला निस्ताराचा हक्क असू शकतो, हे ते कलम मान्य करतं. ओळखपत्रावर मोफत प्रवेश ही अट इथेच लंगडी पडते: गावकरी कोण हे ग्रामपंचायत ठरवेल, पण निस्ताराचा हक्क कोणाला हे दप्तर ठरवतं.

जिथे वनहक्क कायदा, २००६ खाली सामूहिक दावे मंजूर झालेत, तिथे बाजू आणखी भक्कम असते. त्या कायद्याच्या कलम ३(१) मध्ये निस्तार आणि पाणवठ्यातली मासळी, दोन्ही नावानिशी आहेत. गडचिरोलीसारख्या अनुसूचित क्षेत्रात पेसाची (आदिवासी भागासाठीच्या पंचायत कायद्याची) ग्रामसभाही आहे. तुमच्या गावाला हे लागू आहे का ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून पुढचं सगळं ते नाही असं धरून सांगतो.

पहिलं काम जागेचं. घाटाशेजारची अर्धा एकर नेमकी कोणाची? गाव नकाशा, त्या गटाचा सातबारा, आणि ग्रामपंचायतीचे नमुना २३ (रस्ते) व नमुना २४ (जमिनी) हे चार कागद एकमेकांशेजारी ठेवून वाचा. ग्रामसेवकांनी तोंडी सांगितलेलं उत्तर धरून चालू नका. यातून साधारण चार शक्यता निघतात.

जागा ग्रामपंचायतीकडे निहित असेल तर ठेका देण्याचा अधिकार तिला आहे, अटींवर भांडता येईल. तलावाच्या बुडीत क्षेत्रात किंवा पाळीच्या पायथ्याला असेल तर ती जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाची असण्याची शक्यता जास्त. त्यांच्या लेखी ना-हरकतीशिवाय लिलाव करता येत नाही. गायरान असेल तर वापर बदलण्यावर संहितेच्या कलम २२-अ ची बंधनं आहेत. चौथी शक्यता लोक विसरतात: सातबाऱ्यावर ‘झुडपी जंगल’ अशी नोंद. नागपूर विभागाच्या सहाही जिल्ह्यांत अशा जमिनी आहेत आणि सर्वोच्च न्यायालयानं २२ मे २०२५ च्या निकालात झुडपी जंगल ही वनजमीन मानावी असं सांगितलं. तसं असेल तर १९८० च्या वन कायद्याखाली केंद्राची मंजुरी मिळेपर्यंत तिथे मुरूमसुद्धा टाकता येणार नाही, आणि तुमचा अर्धा वाद तिथेच संपला. वऱ्हाडातले वाचक हाच प्रश्न घेऊन आले असतील तर त्यांनी ‘ई-क्लास’ (सरकारी चराईची जमीन) नोंद बघावी.

दुसरं काम बंदीच्या अधिकाराचं. सार्वजनिक रस्त्यावर वाहन थांबवू नका अशी पाटी ग्रामपंचायत लावू शकते, पण त्या पाटीवर दंड होत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११५ नं वाहनांच्या वापरावर निर्बंध घालता येतात, ११६ नं चिन्हं उभारता येतात आणि ११७ नं वाहनं उभी करण्याच्या जागा ठरवता येतात. हे तिन्ही अधिकार राज्य सरकारचे किंवा त्यानं प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्याचे. ११७ मध्ये स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करायची असते, एवढीच तिची भूमिका. म्हणून विचारा: बंदीचा आदेश कोणाचा, क्रमांक काय, तारीख काय? उत्तर नसेल तर ती बंदी म्हणजे फक्त विनंती.

शुल्काचंही तसंच. ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १२४ मध्ये कर आणि फीची यादी आहे, आणि १९६० चे कर व फी नियम आहेत. त्या यादीत गाडीतळ आणि टांगातळावरची फी आहे, आठवडी बाजाराची आहे, यात्राकर आहे. (टांगे गेले, नोंद राहिली.) तलावावर जाण्याची फी त्यात कुठेच नाही. तेव्हा ठेकेदाराच्या पावतीवर ‘वाहनतळ शुल्क’ असं छापलेलं असलं पाहिजे, ‘प्रवेश शुल्क’ नव्हे. पैसे उभ्या वाहनाचे. चालत जाणाऱ्या माणसाचे आणि उतरवून परत फिरणाऱ्या गाडीचे नाहीत.

आता मोजणी, कारण इथेच ठराव बदलतो किंवा फसतो. ‘खूप गर्दी होते’ आणि ‘आमचे लोक जाऊ शकत नाहीत’ ही दोन्ही वाक्यं सभेत सारखीच वजनदार असतात. कागदावर आकडे आले की वाद सुटायला लागतो. एक साधा कामाचा दिवस, एक रविवार आणि गावच्या आठवडी बाजाराचा दिवस, अशा तीन दिवसांची नोंद घ्या. पहाटे ४ पासून रात्री ९ पर्यंत, दर तासाला एक ओळ. ओळीत पाच गोष्टी: वाहन कोणतं, त्यातून किती माणसं उतरली, काय ओझं होतं, कशासाठी आले, किती वेळ थांबले. गाडीचा नंबर, नाव-गाव लिहू नका. त्यानं लोक बुजतात आणि नोंद खोटी होते. पायी, सायकलनं आणि बैलबंडीनं येणारे पण मोजा. पार्किंगच्या मोजणीत हेच नेमके सुटतात, कारण मोजणारा फक्त उभ्या चाकांकडे बघतो.

या नोंदीतून मी दोन गोष्टी काढतो. एक, किती लोकांना पाण्याच्या अगदी काठाशी थांबावंच लागतं आणि किती लोक सवयीनं थांबतात. सहलीला आलेला माणूस चार तास गाडी लावतो, त्याला काठ लागत नाही. तीनशे मीटर म्हणजे चार-पाच मिनिटांचं चालणं. मासळीचा भरलेला डबा मोटारसायकलवर चढवणाऱ्याला दहा मिनिटं पुरतात, पण काठच लागतो. दुसरं, उलाढाल. एकाच जागेवर दहा-दहा मिनिटं थांबणारी वाहनं तासाला सहा बसतात. चार तास थांबणारी गाडी तीच जागा सकाळभर अडवते. म्हणून घाटाशी पाच-सहा अल्पथांब्याच्या जागा ठेवल्या आणि बाकी सगळं मागे नेलं, तर आजच्यापेक्षा कमी जागेत जास्त लोक पाण्यापर्यंत पोचतात. हे आकडे दाखवल्याशिवाय सभेला पटत नाही.

अंतराबद्दल माझा ठोकताळा सांगतो. ओझं असलेल्यांना पाण्यापासून पन्नास मीटरच्या आत, म्हातारी माणसं आणि दशक्रियेला आलेल्यांना शंभर मीटरच्या आत, पर्यटकांना चारशे मीटरपर्यंत. ही नियमातली संख्या नाही, वापरातून बसलेली आहे; तुमच्या तलावाच्या उतारावर आणि सावलीवर ती मागेपुढे होईल.

उतारावरून मुख्य गोष्ट आली. तलावाचा काठ जागेवर राहत नाही. मालगुजारी तलावांचं बुडीत क्षेत्र सहसा पसरट असतं. समजा उतार शंभराला एक आहे आणि दिवाळीपासून मेपर्यंत पाणी दोन मीटर खाली गेलं, तर पाण्याची कड दोनशे मीटर आत सरकते. ऑगस्टमध्ये पाहणी करून घाटापाशी थांबा दिला, तर तो एप्रिलमध्ये पाण्यापासून दोनशे मीटर लांब असतो आणि मधे चिखल असतो. मग काय होतं? लोक दुचाकी आणि पिकअप थेट तलावाच्या पोटात घालतात, गाळपेरीच्या (पाणी ओसरल्यावर पेरल्या जाणाऱ्या) जमिनीत चाकोऱ्या पडतात, आणि त्याच चाकोऱ्या दाखवून पुढच्या वर्षी आणखी कडक बंदी मागितली जाते. उपाय म्हणून ठरावात दोन थांबे लिहा: जुलै ते डिसेंबर घाटावर, जानेवारी ते जून पाण्याच्या जवळच्या कडक जमिनीवर, आणि तिथून आत फक्त पायवाट, हातगाडी आणि बंडी. मोटार वाहनाला पूर्ण संचय पातळीच्या (तलाव भरल्यावर पाणी जिथवर येतं त्या रेषेच्या) आत बंदी असू द्या. गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्याकाठच्या गावांनाही हाच हिशोब लागतो, फक्त तिथे पातळी धरणाच्या चलनावर हलते, म्हणून महिने न लिहिता पातळी लिहावी.

नदीघाट असेल तर पूररेषा बघावी लागते. निळ्या पूररेषेच्या (नदीकाठी बांधकामाला बंदी असलेल्या रेषेच्या) आत उघडं वाहनतळ चालतं. ठेकेदाराची टपरी, पत्र्याचं शेड, तिकीटघर चालत नाही. तलावाच्या बाबतीत सांडव्याची वाट मोकळी ठेवली म्हणजे झालं.

रात्रीचं कुलूप हा ठरावातला सगळ्यात वाईट भाग. त्यामागचं कारण कोणी लिहीत नाही, पण सगळ्यांना माहीत असतं: रात्री काठावर बसणाऱ्या बाटल्या. तक्रार खरी आहे. तिला उत्तर मात्र दारूबंदी कायद्याखालच्या कारवाईनं, बीट अंमलदाराच्या फेरीनं आणि दोन दिव्यांनी द्यायचं असतं. कुलूप लावलं की पिणारा शंभर पावलं पलीकडून आत शिरतो. संध्याकाळी लावलेलं जाळं पहाटे काढायला आलेला ढिवर मात्र बाहेर उभा राहतो. मयत काही सकाळी सातची वाट बघत नाही. कुलपाला पर्याय असा: फाटक फक्त चारचाकीपुरतं, त्याच्या बाजूला दीड मीटरची मोकळी वाट कायम उघडी. फाटकाची चावी मच्छीमार संस्थेचे सचिव, पोलीस पाटील आणि कोतवाल अशा तिघांकडे, आणि तिघांची नावं फाटकावर रंगवलेली. एकाकडे चावी असेल तर त्या एकाचं राज्य सुरू होतं.

फाटकाऐवजी खांब लावलेत तर आणखी बरं. शंभर मिलिमीटर व्यासाचा लोखंडी पाइप, जमिनीवर पाऊण मीटर, जमिनीत किमान अर्धा मीटर काँक्रीटमध्ये. चिकण किंवा काळ्या मातीत खड्डा मुरूम लागेपर्यंत खोल घ्या आणि भोवती मुरूमच भरा. नाहीतर एका पावसाळ्यात खांब वाकडे होतात, दुसऱ्या पावसाळ्यात निघतात. दोन खांबांमध्ये १.२ मीटर मोकळं ठेवलं की चाकाची खुर्ची, सायकल, दुचाकी आणि डोक्यावर भारा असलेली बाई आरामात जाते, कार जात नाही. मधला एक खांब काढता येणारा ठेवा, म्हणजे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैल धुवायला येणाऱ्या बंड्या आणि शारदेच्या विसर्जनाचे ट्रॅक्टर आत येतील. तो गाळा किती रुंद हवा, ते गावातल्या सगळ्यात रुंद बंडीच्या आसाच्या टोकापासून टोकापर्यंत फीत लावून ठरवा आणि दोन्ही बाजूंना हातभर जादा ठेवा. उंचीचा आडवा दांडा मुळीच लावू नका. दांड्यानं मूर्ती अडते, मासळीचा टेम्पो अडतो आणि अग्निशमनाची गाडीही अडते. मोठे दगड टाकणं स्वस्त वाटतं, पण दगड लोक सरकवतात आणि सरकवलेला दगड नेमका पायवाटेत येतो.

अर्धा एकरात किती गाड्या बसतील हा प्रश्न ठेकेदार ठरवू नये. अर्धा एकर म्हणजे सुमारे २,००० चौरस मीटर. एका कारला २.५ बाय ५ मीटर जागा, मधे ६ मीटरची फिरण्याची वाट, म्हणजे समोरासमोर दोन रांगांसाठी १६ मीटर रुंदी. १६ बाय ४० मीटरच्या पट्ट्यात ३२ कार बसतात. वळणं, झाडं, तोंडाची जागा धरून दर कारला २५ चौरस मीटर धरा. एका कारच्या जागेत सहा दुचाकी बसतात. तुमच्या मोजणीत रविवारच्या गर्दीच्या तासाला, समजा, ३० कार आणि ६० दुचाकी एकाच वेळी उभ्या दिसल्या, तर ४० कारइतकी जागा, म्हणजे १,००० चौरस मीटर लागेल. उरलेली अर्धी जागा ठेक्यात द्यायचं काहीच कारण नाही. ती ढोरांच्या वाटेला आणि जाळी वाळवायला राहू द्या. ठेक्यात जागेची लांबी-रुंदी आणि खुंटांचा नकाशा नसेल, तर ठेका दरवर्षी घाटाकडे पाच पावलं सरकतो.

विसर्जन, कार्तिक पौर्णिमा, मंडई (दिवाळीनंतरची जत्रा) या दिवसांसाठी वाहनतळ बांधू नका. त्या दिवसांना शाळेचं पटांगण किंवा कापणी झालेली धानाची बांधी मालकाच्या लेखी संमतीनं घ्या, फक्कीनं रेघा मारा, दोरी बांधा. वर्षातल्या चार दिवसांच्या गर्दीसाठी कायमचा काठ सपाट करणं परवडत नाही.

जमीन मुरुमाचीच ठेवा, दाबून १५० मिलिमीटर, उतार शक्यतो तलावाच्या उलट. पाण्याच्या बाजूला पंधरा-वीस मीटर गवताचा पट्टा सोडा म्हणजे तेल-माती थेट पाण्यात जाणार नाही. वाहन धुण्यास मनाईची पाटी लावा. ती मोडणारे बहुतेक वेळा गावातलेच ट्रॅक्टरवाले असतात, हे धरून चला. अपंगांसाठी किमान दोन जागा ३.६ मीटर रुंद, घाटाच्या वाटेपासून तीस मीटरच्या आत.

आता क्रम. इथवर एवढं झालं: जागा कोणाची ते कागदावरून ठरलं, बंदीचा आणि शुल्काचा अधिकार तपासला, तीन दिवसांची मोजणी हातात आहे. यानंतर ग्रामसभेत दुरुस्तीचा ठराव न्या. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली कमी असेल ती. मच्छीमार संस्थेचे सभासद आणि गायकी (गुराखी) त्या दिवशी हजर असायला हवेत, म्हणून सभा सकाळी ठेवू नका. ठरावाची भाषा अशी सुचवतो, तुमच्या गावाप्रमाणे बदला:

‘तलावाच्या काठावरील वाहने थांबविण्याची जागा, वेळ, शुल्क, प्रवेशाची अट किंवा रस्त्याची रुंदी यांतील कोणताही बदल हा तलावापर्यंतच्या सार्वजनिक वहिवाटीतील बदल समजण्यात येईल. असा बदल करण्यापूर्वी किमान तीन दिवसांची वापर-मोजणी ग्रामसभेसमोर ठेवण्यात येईल. कमी होणाऱ्या प्रत्येक थांब्याच्या बदल्यात त्याच वापरासाठी पर्यायी थांबा आधी चालू करून मगच जुना बंद करण्यात येईल. पायी जाणारे, सायकल, बैलबंडी, जनावरे, मच्छीमार संस्थेची वाहने, अंत्यविधी व दशक्रियेची वाहने आणि वीस मिनिटांपर्यंत थांबणारे कोणतेही वाहन यांना शुल्क असणार नाही. ही सवलत गावाच्या रहिवासावर अवलंबून राहणार नाही.’

यातलं ‘आधी चालू करून मगच’ कोणी गाळायला सांगितलं तर गाळू नका. पर्याय नंतर देऊ, असं म्हटलेला पर्याय निधीच्या प्रतीक्षेत राहतो आणि पाटी मात्र त्याच आठवड्यात लागते. वीस मिनिटांचा आकडा तुमच्या मोजणीवरून ठरवा. मासळी चढवायला पंचवीस लागत असतील तर तीस लिहा. रहिवासाचं शेवटचं वाक्य सगळ्यात जास्त विरोध ओढवेल. ‘तलाव आमचा’ ही भावना मी समजतो, पण त्याच न्यायानं उद्या शेजारचं गाव त्यांच्या शिवारातून येणाऱ्या नहराबद्दल बोलेल.

कायम आदेश मागण्याआधी चाचणी घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ मध्ये सोय आहे: निर्बंध एक महिन्यापेक्षा जास्त काळाचा नसेल तर राजपत्रात अधिसूचना लागत नाही, स्थानिक पातळीवर प्रसिद्धी पुरते. त्याच नमुन्यात चाचणीच्या आधी आणि दरम्यान मोजा. काय बघायचं ते आधी लिहून ठेवा: पहाटे सातच्या आत येणाऱ्या मच्छीमारांची संख्या, बंड्या आणि ढोरांच्या फेऱ्या, साठीच्या वरची माणसं, शेजारच्या गावांतून आलेले. यातला एकही आकडा घसरला आणि त्याला सुगी किंवा पाऊस असं दुसरं कारण नसेल, तर मांडणी बदलायची. धानाच्या रोवणीच्या किंवा कापणीच्या दिवसांत चाचणी घेऊ नका, त्या काळात घाटावर तसंही कोणी फारसं नसतं आणि आकडे खोटं समाधान देतात. एकेक महिन्याची मुदत परत परत वाढवून वर्ष काढणं हा मात्र या सोयीचा गैरवापर आहे; तसं दिसलं तर लेखी हरकत घ्या.

ठराव मान्य झाला नाही आणि ठेका निघालाच, तर वाटा तीन आहेत. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४२ खाली, लोकांना त्रासदायक किंवा बेकायदा ठरावाची अंमलबजावणी थांबवण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज. फाटक किंवा कुंपणानं वाट प्रत्यक्ष अडली असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम १५२ खाली उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे. सार्वजनिक जागा, वाट, नदी यांवरचा बेकायदा अडथळा हटवण्यासाठीच ते कलम आहे, जुन्या फौजदारी संहितेत ते १३३ होतं. आणि जमीन सरकारी असून तिच्यावर ठेकेदारानं बांधकाम केलं असेल तर महसूल संहितेचं कलम ५० तहसीलदारांकडे. अर्जात जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०११ च्या निकालाचा उल्लेख करा. गावाच्या सामायिक जमिनींबद्दल तो आहे आणि महसूल अधिकाऱ्यांना तो माहीत असतो. नैसर्गिक संपत्तीवर सरकार विश्वस्त आहे हे तत्त्व १९९६ च्या कमलनाथ प्रकरणातलं, पण ते उच्च न्यायालयात उपयोगी पडतं. तहसील कार्यालयात त्यापेक्षा निस्तार पत्रकाची एक नक्कल जास्त काम करते.

माहिती अधिकाराचा अर्ज आजच टाका, कारण उत्तराला ३० दिवस जातात आणि तोवर ठेका निघेल. दहा रुपयांचा अर्ज, मागणी चारच: ठरावाची प्रत, जागेच्या मालकीचा पुरावा, लघुपाटबंधारे विभागाचं ना-हरकत पत्र, आणि ठेक्याच्या अटी-शर्ती. ‘संपूर्ण फाइल’ मागू नका, उत्तर टाळायला तेवढं निमित्त पुरतं. मच्छीमार संस्थेच्या तलाव ठेक्याच्या कराराची प्रत संस्थेकडेच असेल. त्यात तलावापर्यंत जाण्या-येण्याबद्दल एखादी ओळ आहे का ते वाचा. असेल तर पहिला अर्ज तुमच्या नावानं न जाता संस्थेच्या नावानं जाऊ द्या. मोबदला भरून करार केलेल्या संस्थेची वाट अडवली, या तक्रारीवर कार्यालयाला उत्तर द्यावंच लागतं.